डोंगर नको, पाणी हवें!

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत जपानच्या प्रवासाचें वेड बरेंच वाढलें आहे. पूर्वीं विलायतेहून परत आलेला गृहस्थ ज्या तोऱ्यानें बोलत असे, त्याच तोऱ्यानें आज तोकियोहून परतलेला बोलतो. वसंतांत फुललेल्या चेरी, घड्याळाच्या कांट्यावर सुटणारी आगगाडी, रस्त्यावर शोधूनहि न सांपडणारा कागदाचा कपटा, आणि अखेरीस एखाद्या उष्णोदकाच्या गांवीं काढलेली एक रात्र, एवढी सामग्री जमली कीं प्रवासवर्णन सिद्ध होतें. या वर्णनांविषयीं एरव्हीं आमची तक्रार नाहीं. वाचणारांचा वेळ बरा जातो आणि लिहिणारांचा खर्च कांहीं अंशीं वसूल झाल्यासारखा वाटतो. परंतु परवां एका स्नेह्यांच्या घरीं असेंच एक वर्णन वाचलें गेलें, आणि त्यांत दोन मतें इतक्या ठाम स्वरांत मांडलीं होतीं कीं त्यांचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त झालें. त्याच वेळीं बोलावयाचें होतें. पण इतक्यांत चहा आला, आणि चहापुढें वाद टिकत नाहीं हा आमच्याकडील बैठकींचा अनुभव वाचकांसहि असेलच.

पहिलें मत असें कीं, जिवंत ज्वालामुखीवर सामान्य माणसांस चढूं देणें हा तेथील सरकारचा अक्षम्य निष्काळजीपणा होय. असले डोंगर कुंपण घालून कायमचे बंद करावेत. दुसरें असें कीं, जपानी स्नानगृहांत परक्या माणसांसमवेत विवस्त्र होऊन पाण्यांत बसण्याची रीत ही रानटी अवस्थेची शिल्लक आहे. सभ्य कुटुंबानें खोलींतच खाजगी कुंड असलेली जागा घ्यावी. ती त्यांनीं हाकोने येथें घेतलीहि होती. “पाणी मात्र अप्रतिम!” असा वर शेरा. डोंगर नको, माणसें नकोत, पाणी तेवढें हवें, असा या सबंध तत्त्वज्ञानाचा इत्यर्थ आहे.

हें पाणी येतें कोठून याचा विचार त्यांनीं केलेला दिसत नाहीं. जपानांतील प्रत्येक झरा ज्वालामुखीचा नव्हे, हें आम्ही आधींच कबूल करतों. १९४८ सालच्या तेथील कायद्याप्रमाणें जमिनींतून निघतांना २५ अंश किंवा त्याहून अधिक उष्ण असलेलें, अथवा ठरावीक १९ द्रव्यांपैकीं एखादें पुरेशा प्रमाणांत असलेलें पाणी ‘ओन्सेन’ या नांवास पात्र होतें. तेव्हां सपाट शहरांतहि खोल विंधन घेऊन तें काढतां येतें. आमच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीचीं कुंडें, किंवा कोंकणांत तुरळ, उन्हवरे येथें ज्यांस लोक ‘उन्हाळीं’ म्हणतात ते झरे, हेहि कोणत्याच जिवंत ज्वालामुखीचें देणें नव्हे. आमचा सह्याद्रि लाव्ह्याच्या थरांचा खरा, पण त्याचा अग्नि सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच विझला. तेथील पाणी भेगांतून खोल उतरतें आणि पृथ्वीच्या पोटांतील सामान्य उष्णतेनें तापून वर येतें. पण ज्या दुधाळ, गंधकाचा वास येणाऱ्या, अंगास झोंबणाऱ्या पाण्याची आमच्या स्नेह्यांनीं दोन पानें स्तुति केली, तें मात्र डोंगराच्या चुलीवरचेंच. पावसाचें व बर्फाचें पाणी मुरावयाचें, खालीं धगधगणाऱ्या शिलारसाची ऊब व त्यांतून सुटणारे वायु घ्यावयाचे, आणि पायथ्याशीं बाहेर पडावयाचें, असा हा व्यवहार आहे. जपानी शास्त्रज्ञांच्या गणनेंत सध्यां १११ जिवंत ज्वालामुखी आहेत. त्या सर्वांस कुंपण घालावयाचें म्हटलें तर कुंपणाच्या आंत नुसते गिर्यारोहक सांपडणार नाहींत. गांवेंच्या गांवें, आणि त्यांतील तीं कुंडें, तींहि सांपडतील.

आम्ही स्वतः जो डोंगर चढलों तो नासु पर्वतांतील चाउसु, उंची १९१५ मीटर. चाउसु म्हणजे चहाची पूड दळण्याचें जातें. डोंगराचा आकार त्या जात्यासारखा, म्हणून हें नांव. तेथें अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत नेणारा पाळणा आहे. आमच्या सौभाग्यवतींचें मत पाळण्याच्या बाजूचें होतें. पण ऑक्टोबरची सकाळ स्वच्छ होती आणि पायवाट फार कठीण नाहीं असें समजलें, म्हणून पायींच निघालों. वाट आरंभीं झाडींतून, एका लाल-तांबूस पानांच्या बोगद्यांतून जाते. मग झाडें खुजीं होत होत एकदम संपतात आणि पुढें नुसता करडा दगड. खिंडींत पोचलों तेव्हां वारा असा होता कीं दोघांनीं एकमेकांचे हात धरले, आणि ही गोष्ट विवाहानंतर चारचौघांत प्रथमच घडली असावी. खिंडीपासून वरच्या उतारावर भेगांतून वाफ फुसफुसत होती, तिच्या तोंडाशीं गंधकाचे पिवळे धमक थर बसलेले. एकेकाळीं येथें गंधकाची खाणहि होती. या उतारावरच्या एका भागाचें नांव आहे ‘मुगेन-जिगोकु’. हें नांव बौद्ध ग्रंथांतून गेलेलें आहे. मुगेन म्हणजे आपला अवीचि नरक. तेव्हां आमच्या पुराणांतील नरकास भेट देण्यासाठीं आम्हांस जपानपर्यंत जावें लागलें, आणि तेथें तो फार थंड निघाला.

खालीं उतरल्यावर नासु-युमोतो या गांवीं एक दगड दाखवितात, त्याचें नांव ‘सेश्शो-सेकी’, म्हणजे मारक शिळा. कथा अशी कीं नऊ शेपटांची एक मायावी कोल्ही मारली गेल्यावर तिची ही शिळा झाली. आणि त्याच कोल्हीनें पूर्वीं हिंदुस्थानांत राजस्त्रीचें रूप घेऊन हान्झोकु नांवाच्या राजपुत्रास भ्रष्ट केलें होतें. हा हान्झोकु म्हणजे आमचा कल्माषपाद होय. ही शिळा २०२२ सालच्या मार्चमध्यें दुभंगली, तेव्हां कोल्ही सुटली म्हणून बराच गवगवा झाला. शिळा मारक खरीच. कारण तिच्या भोवतालच्या जमिनींतून विषारी वायु निघतात. १६८९ साली कवि बाशो हा तेथें गेला होता, आणि वायूनें मरून पडलेल्या कीटकांचा थर पाहून त्यानेंहि त्याची नोंद केली आहे. आतां मुद्दा असा कीं या शिळेपासून कांहीं पावलांवर ‘शिका-नो-यु’ हें पुरातन स्नानगृह आहे. मृत्यूचा दगड आणि आरोग्याचें पाणी यांत एवढेंच अंतर. दोन्हींचें मूळ एक आहे हें तेथल्या लोकांस कोणी सांगावें लागत नाहीं. याच चाउसुच्या १४१० सालच्या उद्रेकांत १८० हून अधिक माणसें गाडलीं गेलीं.

आमचे स्नेही येथें लागलीच म्हणतील, “मग आमचेंच म्हणणें सिद्ध झालें!” त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा तर आम्हीच पुढें ठेवतों. २७ सप्टेंबर २०१४, शनिवार, सकाळीं ११ वाजून ५२ मिनिटें. ओन्ताके हा ३०६७ मीटर उंचीचा, यात्रेकरूंचा पूज्य पर्वत. आकाश निरभ्र, पानांस रंग चढलेला, आणि शिखरावर शेंकडों माणसें दुपारचा डबा सोडीत होतीं. अशा वेळीं डोंगर फुटला. ५८ माणसें मेलीं, ५ जणांचे देह आजवर सांपडले नाहींत. बहुतेकांचे प्राण उडालेल्या दगडांनीं घेतले. या उद्रेकांत नवा लाव्हा वाहिला नाहीं. खडकांत सांठलेलें पाणी तापून त्याची एकदम वाफ झाली आणि तिनें डोंगराचें तोंड उडविलें. ज्या पाण्यांत आमचे स्नेही मान टेकवून पडले होते त्याच जातीचें तें पाणी. फरक इतकाच कीं त्यास बाहेर पडावयास वाट मिळाली नव्हती.

त्या दिवशीं ओन्ताकेसाठीं सरकारी सूचना काय होती? पांच पायऱ्यांपैकीं पहिली. ही पद्धति २००७ च्या डिसेंबरांत सुरू झाली, आणि पहिल्या पायरीचा अधिकृत शब्द होता ‘हेइजो’: नित्याप्रमाणें, सर्व ठीक. उद्रेकापूर्वीं १० व ११ सप्टेंबरला डोंगराखालीं अनुक्रमें ५२ व ८५ लहान धक्के नोंदले गेले होते. त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. पायरी मात्र हलली नाहीं. पुढें मृतांचे आप्त न्यायालयांत गेले. २०२२ साली जिल्हा न्यायालयानें म्हटलें कीं पायरी न वाढविण्यांत बेकायदेशीर कुचराई झाली. पण ती वाढविली असती तर हे प्राण खात्रीनें वांचले असते असें सिद्ध होत नाहीं, म्हणून भरपाई नाहीं. २०२४ साली वरच्या न्यायालयानेंहि दावा फेटाळला. कायद्याची बाजू आम्ही कायदेपंडितांवर सोंपवितों.

पण एका शब्दाविषयीं बोलण्याचा अधिकार वाङ्मयाच्या मासिकास आहे. २०१५ च्या मे महिन्यांत ‘हेइजो’ हा शब्द काढून टाकण्यांत आला, आणि त्या जागीं आला ‘हा जिवंत ज्वालामुखी आहे हें ध्यानांत असूं द्यावें’. पायरी तीच, डोंगर तेच, यंत्रें तींच. बदलला तो शब्द. हा शब्द पहिल्या दिवसापासून कां नव्हता? १९७९ साली हाच ओन्ताके फुटला तोंवर त्याची गणना कित्येकजण मृत पर्वतांत करीत, आणि त्या धक्क्यानंतर ‘मृत’ व ‘सुप्त’ हे वर्गच जपानी शास्त्रानें टाकून दिले. म्हणजे ज्या डोंगरानें एकदां भाषा सुधारावयास लावली, त्याच डोंगरावर २०१४ साली पुन्हा ‘सर्व ठीक’ असा फलक लटकत होता! आमच्या मतें गुन्हा शोधावयाचा तो येथें. लोकांस चढूं दिलें यांत तो नाहीं. जिवंत वस्तूस ‘नित्याप्रमाणें’ हें विशेषण दिलें यांत आहे.

आणि याच ठिकाणीं आमच्या स्नेह्यांची सूचना अत्यंत घातक ठरते. डोंगर बंद करा म्हणणारा आणि डोंगर सुरक्षित आहे म्हणणारा हे दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाहि एकच गोष्ट नको आहे, ती म्हणजे अनिश्चितता. एक ती कुंपणाबाहेर ठेवूं पाहतो, दुसरा ती फलकानें झांकतो. परंतु ती दोहोंसहि जुमानीत नाहीं. २०१८ च्या २३ जानेवारीस कुसात्सु येथें जो भाग फुटला, त्या बाजूस कोणाचें विशेष लक्षच नव्हतें. बर्फावर सराव करणारा एक सैनिक त्यांत मेला, आणि सूचना तेव्हांहि पहिल्याच पायरीवर होती. खालीं कुसात्सु गांवांत त्या दिवशीं काय चाललें होतें? स्नान. १८७६ साली जपानांत आलेल्या बेल्झ या जर्मन वैद्यानें ज्या पाण्याची थोरवी गाइली, जें इतकें कढत असतें कीं लांब फळ्यांनीं घुसळून निववावें लागतें, त्याच पाण्यांत लोक बसले होते. मग कुसात्सुहि बंद करावयाचें काय? २००५ च्या डिसेंबरांत अकिता प्रांतांतल्या एका उष्णोदकाच्या गांवीं बर्फाच्या खळग्यांत सांठलेल्या वायूनें एका कुटुंबांतील चौघे मरण पावले. ते कोणत्याहि शिखरावर चढले नव्हते. उन्झेनच्या पायथ्याशीं १९९१ च्या जूनमध्यें जे ४३ जण धगधगत्या राखेच्या लोटांत सांपडले, तेहि माथ्यावर नव्हते.

मग करावें काय, असें कोणी विचारील. जें २०१४ नंतर थोडेंबहुत झालें तेंच: माथ्यावर दगडांचा मारा सोसतील असे निवारे, डोक्यास टोप, वर कोण गेलें याची नोंद, आणि २०१५ सालीं कायद्यांत झालेली दुरुस्ती, जिनें डोंगराची माहिती आधीं करून घेण्याचा भार चढणाऱ्यावरहि टाकला. याहून अधिक यंत्रें बसवावीं, शास्त्रज्ञांची संख्या वाढवावी. तेथें पैशाची काटकसर करणाऱ्या सरकारास आम्हीहि दोष देऊं. परंतु ‘हमी द्या, नाहीं तर बंद करा’ ही मागणी ज्या देशांत मान्य होईल, तेथील अधिकारी हमीच देत बसतील, आणि ती हमी काय किंमतीची असते तें ओन्ताकेच्या माथ्यावर दिसून आलेंच आहे.

आतां स्नानाकडे वळूं. या विषयावर आमच्या स्नेह्यांचा आवाज अधिक चढला होता. विवस्त्र स्नान रानटी, हें मत नवें नाहीं. १८५४ साली पेरीच्या अमेरिकन आरमाराबरोबर गेलेल्यांनीं शिमोदा येथें स्त्रीपुरुष एकाच स्नानगृहांत नहातांना पाहिले. अधिकृत वृत्तांतांत त्याचें चित्र छापलें आणि पुढील प्रतींतून तें गाळलेंहि. पाश्चात्यांच्या या भिवया पाहून मेजी सरकार ओशाळलें, आणि १८७२ च्या तोकियोच्या नियमांत एकत्र स्नान, उघड्या अंगानें रस्त्यावर फिरणें आणि अंगावर गोंदणें या सर्वांस दंड लागूं झाला. तेव्हां आज स्त्रिया व पुरुष यांचीं कुंडें बहुतेक ठिकाणीं वेगळीं आहेत याचें श्रेय, किंवा अपश्रेय, परक्यांच्या नजरेस आहे. परक्यांच्या नजरेनें स्वतःच्या अंगाकडे पाहून लाजण्याचा हा रोग आमच्या ओळखीचा आहे. मौज एवढीच कीं ज्यांना तो साहेबाकडून लागला तेच आतां त्याच्या गोळ्या जपान्यांस देऊं लागले.

रीत काय आहे तें पाहा. कुंडांत उतरण्यापूर्वीं अंग स्वच्छ धुवावयाचें, साबणाचा थेंबहि पाण्यांत जाऊं द्यावयाचा नाहीं, हातांतील छोटा पंचा पाण्यांत बुडवावयाचा नाहीं, कोणाकडे टक लावावयाची नाहीं. ज्या समाजानें सोंवळ्याओंवळ्याचा एवढा बाऊ केला, त्यांतील गृहस्थ पोहण्याचा पोशाख चढवून सामायिक कुंडांत शिरूं पाहतात आणि अडविलें म्हणजे रागावतात, हें दृश्य आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. शिका-नो-यु येथें तर साबण मुळींच चालत नाहीं. आधीं मानेमागें डोक्यावर लांकडी पळ्यानें कढत पाणी शंभराहून अधिक वेळां ओतून घ्यावयाचें, मग कुंडांत उतरावयाचें. पुरुषांच्या बाजूस लांकडी कुंडें ४१ अंशांपासून ४८ अंशांपर्यंत चढत्या भाजणीनें मांडलेलीं. आम्ही ४४ पर्यंत धीर धरला, ४६ मध्यें पाय बुडवून तो तत्काळ परत घेतला. ४८ मध्यें एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून गळ्यापर्यंत बसले होते, त्यांस पाहून हात जोडावेसे वाटले.

आमच्या सौभाग्यवतींस आंत जाण्याची भीति होती, आणि ती स्वाभाविक होती. तिची टवाळी करणारांतले आम्ही नाहीं. अर्ध्या तासानें त्या बाहेर आल्या त्या प्रसन्न मुद्रेनें. आंत एका आजीबाईंनीं त्यांना खुणेनें बसवून घेतलें, त्यांच्या हातांतली पळी काढून घेऊन स्वतःच त्यांच्या मानेवर पाणी ओतलें, मोठ्यानें आंकडे मोजीत. आणि मध्येंच आंकडा चुकला म्हणून दोघी हसल्या. “माहेरीं न्हाणीघरांत आत्याबाई घालीत, तसें,” एवढेंच त्या म्हणाल्या. खाजगी कुंडांत हें मिळत नाहीं. तेथें पाणी मिळतें.

परंतु जपानी स्नानगृहांची आम्ही आंधळी वकिली करीत आहों असें मात्र कोणी समजूं नये. १९९९ साली ओतारु शहरांत ‘फक्त जपानी’ अशी पाटी लावून परदेशीयांस परत पाठविणारें एक स्नानगृह निघालें. खलाशांच्या वर्तनाची सबब पुढें करण्यांत आली. परत पाठविलेल्यांपैकीं एकजण पुढें रीतसर जपानी नागरिक झाला, तरी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यासहि नकारच मिळाला. २००२ साली न्यायालयानें तिघां वादींस प्रत्येकीं दहा लाख येन देवविले, तें उत्तम झालें. गोंदणाची बंदी तर अजून बोकाळलेली आहे. गुंडांच्या टोळ्यांस दूर ठेवण्याचा हा उपाय; पण २०१५ च्या सरकारी पाहणींत उत्तर देणाऱ्या निम्म्याहून अधिक ठिकाणीं गोंदलेल्या कोणासहि प्रवेश नव्हता, आणि २०१३ साली होक्काइदोंत न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी विदुषीस तिच्या कुलपरंपरेच्या गोंदणासाठीं परत फिरविण्यांत आलें. ज्या होक्काइदोंत ऐनू स्त्रियांच्या मुखावरील गोंदण १८७१ साली सरकारनें बंद पाडलें, तेथेंच हें घडावें! आमच्या आजीच्या कपाळावर व मनगटावर हिरवें गोंदण होतें. ती जिवंत असती आणि आम्ही तिला नासुस नेलें असतें, तर तिला पाटी वाचून दाखविण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें. ज्या स्नानाचें सारें मोल अंगावरचा हुद्दा उतरवून ठेवण्यांत आहे, तेथें कातडीवरची खूण तपासण्यास द्वारपाल बसवावा, यासारखी विसंगति नाहीं. आमच्या स्नेह्यांनीं या दाराशीं भांडण केलें असतें तर आम्ही त्यांच्या शेजारीं उभे राहिलों असतों. त्यांनीं दारच नको म्हणून भिंत बांधून घेतली.

त्यांच्या त्या भिंतीआडच्या कुंडाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. हाकोने येथील सेन्गोकुहारा व गोरा या भागांतील पुष्कळ निवासांचें पाणी सरळ झऱ्याचें नसतें. वर ओवाकुदानी या वाफाळ दरींत ज्वालामुखीची वाफ पाण्यांत सोडून तें तयार करतात आणि नळांनीं खालीं आणतात. २०१५ च्या मेमध्यें ती दरी खदखदूं लागली, सूचना दुसऱ्या पायरीवर गेली, प्रवाशांस बंदी झाली, आणि जूनअखेर लहानसा उद्रेक होऊन ती तिसरीवर गेली. प्रवासी बाहेर ठेवले; पण नळ गंधकाच्या गाळानें तुंबतात, ते साफ न केले तर खालचीं कुंडें कोरडीं पडतात. म्हणून बंदीच्या काळांतहि कांहीं कामगार खास परवानगीनें, डोक्यास टोप घालून, त्या तोंडाशीं जात आणि नळ मोकळे करून परत येत. आमचे स्नेही ज्या खोलींत उतरले होते तिचें पाणी याच दरींतलें, हें त्यांनींच दाखविलेल्या माहितीपत्रकावर छापलेलें आहे.

हें आम्हीं त्यांस मागाहून पत्रानें कळविलें. उत्तर आलें. पुढील ऑक्टोबरांत ते पुन्हां हाकोनेस जात आहेत; खोली तीच मागितली असून, दरीच्या बाजूची खिडकी नको, असें त्यांनीं निवासाच्या व्यवस्थापकांस आधींच लिहून ठेविलें आहे.